‘स्टेज’ की ‘सांता मोनिका’? डेव्हिड बोवीच्या लाइव्ह अल्बमविषयी एक वाद

दांडिया बाजार :

गेल्या रविवारी बडोद्यात आमच्या घरी नेहमीची बैठक झाली. (येथे प्रत्येकाच्या मजकुरावर नावाऐवजी त्याच्या राहत्या भागाचे नाव आहे.) इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवी याचे तीन लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रमात मुद्रित झालेले, अल्बम आम्ही ओळीने ऐकले, आणि पंख्याची घरघर मध्ये येऊ नये म्हणून भर उकाड्यात पंखाही बंद ठेवला. चहानंतर जो वाद निघाला तो जिन्यात चपला घालेपर्यंत मिटला नाही. अशा घाईत बोललेले अर्धवट राहते, म्हणून माझे म्हणणे येथे सविस्तर मांडतो. ज्यांना ते पटत नाही त्यांनीही तितक्याच सविस्तरपणे उत्तर द्यावे, अशी विनंती आहे.

बोवीच्या सर्व थेट ध्वनिमुद्रणांमध्ये १९७८ सालचा ‘स्टेज’ मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो. मात्र तो २००५ साली ज्या क्रमाने पुन्हा निघाला त्या क्रमाने ऐकावा, अशी माझी अट आहे. ही अट का, ते सांगतो. १९७७ या एकाच वर्षात बोवीचे ‘लो’ आणि ‘हीरोज’ हे दोन अल्बम आले. दोन्हींची दुसरी बाजू बहुतांश शब्दांवाचून चालते. अशी गाणी घेऊन पुढच्याच वर्षी तो मोठमोठ्या सभागृहांच्या दौऱ्यावर निघाला आणि एप्रिल-मेमध्ये फिलाडेल्फिया, प्रॉव्हिडन्स व बॉस्टन येथील कार्यक्रमांतून ‘स्टेज’चे ध्वनिमुद्रण झाले. त्या कार्यक्रमांचा आरंभ ‘वॉर्झावा’ने होत असे. ही रचना संथ आणि जड आहे. तिच्यात शब्द थोडे आहेत आणि जे आहेत ते कोणत्याच भाषेतले नाहीत. एखाद्या गवयाने बंदिशीला हात घालण्यापूर्वी बराच वेळ नुसता षड्ज लावून बसावे आणि श्रोत्यांची चुळबुळ आपोआप थांबावी, तसे ते ऐकताना वाटते. त्यानंतर ‘हीरोज’ हे गाणे सुरू झाले की सभागृहाची दारे कोणीतरी एकदम उघडल्याचा भास होतो. लोकांना पाठ असलेली ‘झिगी स्टारडस्ट’ या १९७२च्या अल्बमची गाणी मध्यंतरानंतर येत. आधी नवे ऐका, मग ओळखीचे मिळेल, असा हा क्रम होता, आणि असा क्रम लावायला धैर्य लागते.

१९७८च्या दोन तबकड्यांच्या एलपीवर मात्र हा क्रम मोडला. गाणी ज्या अल्बममधली, त्या अल्बमच्या वयानुसार ती लावली गेली. त्यामुळे पहिल्या बाजूवर ‘झिगी’ची गाणी आली आणि कार्यक्रमाचा आरंभ तिसऱ्या बाजूवर जाऊन बसला. शिवाय प्रत्येक गाण्याच्या शेवटी टाळ्या वर येतात, लगेच विरतात आणि मध्ये सुईची खरखर ऐकू येते. माझ्याकडची एलपी मोठ्या भावाने मुंबईहून आणली होती. कार्यक्रमाचा क्रम कोठेतरी वाचनात आल्यापासून मी ती लावताना दुसरी तबकडी आधी काढत असे. तिच्या कव्हराची कड पहिलीपेक्षा जास्त झिजली आहे, ती त्यामुळेच. २००५च्या आवृत्तीत क्रम पूर्ववत झाला आणि माझ्या मते हा अल्बम तेव्हा प्रथमच पुरा झाला.

वादकांविषयी थोडेच लिहितो. गिटारवर कार्लोस अलोमार, बेसवर जॉर्ज मरे आणि ड्रम्सवर डेनिस डेव्हिस ही मंडळी मूळ अल्बमवर वाजवलेली होती. त्यांच्या जोडीला अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाच्या संचातून आलेला एड्रियन बेल्यू आणि व्हायोलिनवर सायमन हाऊस होते. ‘स्टेशन टू स्टेशन’च्या आरंभी आगगाडीचा जो आवाज येतो तो बेल्यू एका गिटारवर काढतो. रविवारी तेवढ्या भागाला खोलीतले सगळे गप्प होते, हे विरोधकांनीही आठवावे.

फत्तेगंज :

काका, त्या भागाला मी गप्प होते, हे खरे आहे. तरीही तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

‘स्टेज’ ऐकताना मला सतत वाटते की ही माणसे माझ्यापासून काचेपलीकडे वाजवीत आहेत. श्रोत्यांचा आवाज इतका मागे ढकलला आहे की हजारो लोक समोर आहेत याचा विसर पडतो. तीन शहरांतून निवडून घेतलेली गाणी, त्यांतली नीटस तेवढी ठेवलेली, आणि आता तुम्ही म्हणता तसा २००५ साली पुन्हा लावलेला क्रम! म्हणजे ज्या कार्यक्रमाचे तुम्ही वर्णन करता तो कार्यक्रम या रूपात कोणत्याही एका रात्री झालेलाच नाही.

याउलट ‘लाइव्ह सांता मोनिका ’७२’ घ्या. २० ऑक्टोबर १९७२ची ती एक रात्र आहे. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील सभागृहातून तो कार्यक्रम एफएम रेडिओसाठी घेतला गेला. पुढे अनेक वर्षे तो चोरट्या तबकड्यांवर फिरत राहिला आणि २००८ साली अधिकृतपणे निघाला. चार-पाच माणसे आहेत, गिटारवर मिक रॉन्सन आहे. काही ठिकाणी बोवी श्वासाला कमी पडतो, काही ठिकाणी गिटार जरा उतरलेली वाटते, आणि यातले काहीही नंतर कोणी पुसलेले नाही. ‘जीन जिनी’ हे गाणे तर त्यांनी जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केले होते आणि ते बाजारात यायला अजून महिना होता. ज्यांच्यासमोर ते गायले जात आहे त्यांना ते माहीत नाही आणि वाजवणाऱ्यांच्याही हातात ते अजून पुरते बसलेले नाही. ही अवस्था फार थोड्या ध्वनिमुद्रणांत सापडते. पुढे हजार वेळा गायल्यावर ते गाणे अधिक चांगले झाले असेल, पण असे परत होणार नाही.

तुम्ही षड्जाची उपमा दिली, म्हणून मी आपल्या मैदानांवरची देते. नवरात्रात गरबा गाणाऱ्याच्या समोर हजारो लोक एका तालात फिरत असतात, त्यांच्या टाळ्या त्याच्या कानावर येतात आणि त्या टाळ्यांवर तो लय चढवीत नेतो. त्याच गायकाची स्टुडिओत केलेली सीडी घरी लावली तर स्वर तेच असतात, पण पाय हलत नाहीत. समोरच्या माणसांमुळे गाणे बदलले, हे ज्या अल्बममध्ये ऐकू येते तो खरा लाइव्ह अल्बम. सांता मोनिकात ते पहिल्या गाण्यापासून ऐकू येते. ‘स्टेज’मध्ये मला ते शोधावे लागते.

दांडिया बाजार :

टाळ्यांची गोष्ट मला मान्य नाही, आणि याचे कारण आपल्याच शहरात आहे. उस्ताद फैयाज खाँ बडोद्याच्या दरबारात होते आणि त्यांचा मकबराही येथेच आहे. त्यांच्या जुन्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत. त्यांच्या आकाशवाणीवरील गायनाची दीर्घ ध्वनिमुद्रणेही उपलब्ध आहेत. रेडिओच्या खोलीत टाळ्या वाजवायला कोणी बसलेले नसे. तरीही त्या दीर्घ ध्वनिमुद्रणात नोमतोमच्या, म्हणजे ‘नोम्‌, तोम्‌’ अशा अक्षरांवरच्या, आलापीला जो अवकाश मिळतो, मध्येच एखादी जागा घेऊन ती स्वतःलाच आवडल्यावर खाँसाहेब पुन्हा जशी घेतात, त्यामुळे ते गाणे समोर घडत असल्याची खात्री पटते. त्यासाठी श्रोत्यांच्या आवाजाची गरज पडत नाही. गाणे जिवंत आहे की नाही हे गाणाऱ्याच्या निर्णयांवरून कळते. ‘स्टेज’वर ‘वॉर्झावा’ वाजवताना सगळा संच किती थांबतो ते ऐका. इतके थांबणे हाही एक निर्णय आहे आणि तो समोर बसलेल्या माणसांच्या भरवशावरच घेता येतो.

तीन शहरांतून निवड केली, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याचे उत्तर मला आज देता येत नाही.

कारेलीबाग :

तुम्ही दोघेही वाद्ये, क्रम आणि टाळ्या यांवर बोलत आहात आणि ज्याच्या नावाचा अल्बम आहे त्याच्या गळ्याविषयी कोणीच काही म्हणत नाही. मी गाणे शिकवते, त्यामुळे माझा कान आधी तिकडे जातो. म्हणूनच ज्या अल्बमला रविवारी सर्वांनी मोडीत काढले त्याची बाजू मी घेणार आहे: १९७४चा ‘डेव्हिड लाइव्ह’.

त्याच्याविरुद्ध जे बोलले जाते ते सर्व मला माहीत आहे. जुलै १९७४मध्ये फिलाडेल्फियालगतच्या अपर डार्बी येथील टॉवर थिएटरमध्ये ते ध्वनिमुद्रण झाले. त्या दौऱ्यात रंगमंचावर अख्खे शहर उभारलेले असे, पूल होता, यंत्राच्या हातावर बसून बोवी श्रोत्यांच्या डोक्यावरून गात असे. यातले एलपीवर काहीच दिसत नाही. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण होणार असल्याचे वादकांना ऐनवेळी कळले आणि मोबदल्यावरून तंटा झाला. साथीच्या गायकांचे स्वर नंतर स्टुडिओत पुन्हा भरावे लागले. हे सर्व मान्य करून मी म्हणते की बोवीचा आवाज बदलतानाचे इतके जवळचे चित्र दुसऱ्या कोणत्याही अल्बममध्ये नाही.

१९७२च्या ध्वनिमुद्रणात तो नाकातून, धारदार, वरच्या पट्टीत गातो. १९७८मध्ये त्याचा आवाज खाली उतरून भरदार आणि स्थिर झालेला आहे. या दोन्हींच्या मध्ये, १९७४च्या त्या उन्हाळ्यात, जुना आवाज त्याला सोडून चालला आहे आणि नवा अजून हाती आलेला नाही. घसा बसलेला आहे. वरच्या स्वराला तो पूर्वीसारखा सहज पोहोचत नाही, म्हणून खालून ओढत, घासत चढतो, आणि ओळीच्या अखेरीस स्वर धरून ठेवण्याऐवजी सोडून देतो. माझ्या विद्यार्थ्यांनी असे केले तर मी त्यांना थांबवीन आणि पाणी प्यायला सांगेन. पण हा माणूस रोज रात्री या तुटक्या गळ्यानिशीच नवी वाट शोधतो आहे. ‘नॉक ऑन वूड’ हे एडी फ्लॉइडचे सोल संगीतातले, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या एका गायनशैलीतले, गाणे त्याने याच कार्यक्रमात घेतले आणि पुढच्याच महिन्यात त्याच फिलाडेल्फियात सिग्मा साउंड स्टुडिओत जाऊन तो पूर्णपणे सोलकडे वळला. म्हणजे ‘डेव्हिड लाइव्ह’मध्ये आपण वळणाच्या आधीची काही पावले ऐकतो. ‘ऑल द यंग ड्यूड्स’ हे त्याने दुसऱ्या संचासाठी लिहिलेले गाणेही त्याच्या स्वतःच्या आवाजात प्रथम याच अल्बममधून प्रसिद्ध झाले.

हे पटत नसेल तर २०१७ साली निघालेले ‘क्रॅक्ड अ‍ॅक्टर’ लावून पाहा. ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरातले, लॉस एंजेलिसचे. मध्ये दोन महिनेसुद्धा गेलेले नाहीत, पण गिटारवर कार्लोस अलोमार आला आहे, मागे ल्यूथर व्हँड्रॉससारखे गळे आहेत आणि बोवी त्यांच्यावर रेलून, ठेक्याच्या किंचित मागे राहून गातो. ऐकायला तेच अधिक सुखद आहे. मला तरीही जुलैचेच ओढून घेते, कारण तेव्हा त्याला आधार द्यायला मागे कोणी नव्हते.

फत्तेगंज :

ताई, गळ्याविषयीचे तुमचे म्हणणे वाचून मी काल रात्री ‘डेव्हिड लाइव्ह’ पुन्हा लावला आणि ‘रॉक अँड रोल सुइसाइड’ला तुम्ही म्हणता ते मला ऐकू आले. परंतु साथीचे स्वर नंतर भरले असतील तर त्या रात्रीच्या एकटेपणाविषयी आपण इतक्या खात्रीने कसे बोलावे? त्याच्या मागे कोणी नव्हते असे तुम्ही म्हणता, आणि जे होते तेच पुसून पुन्हा लिहिलेले आहे. मला ही अडचण लहान वाटत नाही.

कारेलीबाग :

लहान नाहीच. पण मी ज्यावर बोट ठेवते आहे तो मुख्य गळा आहे, आणि तो सुधारायचा असता तर इतका फाटका कोणी ठेवला नसता.

मांजलपूर :

मी ध्वनिव्यवस्थेचा व्यवसाय करतो. गणपतीत मंडप आणि नवरात्रात मैदान, दोन्हीकडे मिक्सरवर असतो. त्यामुळे या वादात दोन-तीन गोष्टी स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट श्रोत्यांच्या आवाजाची. ते आवाज वेगळ्या माईकवर घेतले जातात. ध्वनिमुद्रण मिक्स करणाऱ्याने मिक्सरवरची त्यांची पट्टी वर सारली की सभागृह भरलेले वाटते, खाली ओढली की रिकामे. त्यामुळे टाळ्या कमी आहेत म्हणून ‘स्टेज’ काचेपलीकडचा, असे म्हणणे म्हणजे मिक्स करणाऱ्याच्या बोटांचा दोष गाणाऱ्यावर टाकणे होय. सांता मोनिकाची गोष्ट निराळी आहे. रेडिओसाठीचे मिश्रण त्या क्षणी, कार्यक्रम चालू असतानाच केलेले असते आणि नंतर वाद्ये सुटी करून बदलता येत नाहीत. या मुद्द्यावर फत्तेगंज यांची बाजू त्यांनी मांडली त्यापेक्षाही भक्कम आहे.

दुसरी गोष्ट ‘हीरोज’ची. मूळ गाणे बर्लिनच्या हान्सा स्टुडिओतल्या मोठ्या दालनात झाले आणि निर्माता टोनी व्हिस्कोंटी याने बोवीच्या आवाजासाठी तीन माईक लावले: एक तोंडापासून वीतभर अंतरावर, दुसरा सुमारे सहा मीटरवर आणि तिसरा सुमारे पंधरा मीटरवर. मागच्या दोन्ही माईकना गेट लावलेले होते, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर गेल्याशिवाय ते उघडत नाहीत. बोवी हळू गातो तेव्हा फक्त जवळचा माईक चालतो. जोर वाढला की दुसरा उघडतो आणि ओरडू लागला की तिसराही. खोली त्याच्या आवाजाबरोबर मोठी होत जाते, ती यामुळे. शिवाय रॉबर्ट फ्रिपने स्पीकरपासून मोजलेल्या अंतरांवर उभे राहून गिटारचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज परत वाद्यात शिरून उठणारी शीळ, स्वरात आणला. मंडपात फीडबॅक आला की आमची धावपळ होते. तेथे तोच राग आळवावा तसा वापरला आहे. आता रंगमंचावर यातले काय नेता येईल? हातात एक माईक असतो. खोली आपोआप मोठी होत नाही. जो चढ यंत्राने दिला होता तो गळ्याने आणि बेल्यूच्या गिटारने द्यावा लागतो. ‘स्टेज’वर तो दिला गेला आहे, आणि हे काम किती अवघड आहे याची मला रोजच्या अनुभवाने कल्पना आहे. दांडिया बाजारच्या काकांनी हा मुद्दा घ्यायला हवा होता.

इतके करूनही माझे मत ‘स्टेज’ला नाही. माझे मत ‘नॅसाऊ कोलिसियम ’७६’ला आहे. २३ मार्च १९७६, न्यूयॉर्कजवळचे युनियनडेल. त्या दौऱ्यात नेपथ्य नव्हते, फक्त पांढरा प्रकाश होता, आणि संगीतही तसेच आहे: काहीही लपलेले नाही. डेनिस डेव्हिसचे ड्रम्स, जॉर्ज मरेचा बेस आणि अलोमारची गिटार ही तिन्ही एका कण्यासारखी जोडलेली आहेत, आणि ‘स्टेशन टू स्टेशन’ दहा मिनिटांहून अधिक चालूनही एकदाही ढिले पडत नाही. माझ्या कामात मी आधी बेस आणि ड्रम्स लावून घेतो. ते बसले की गायक कोणीही असो, रात्र निभावते. येथे ते बसलेले आहेतच आणि वर गायक बोवी आहे. एक दोष सांगितला पाहिजे. ‘पॅनिक इन डेट्रॉइट’मधले डेव्हिसचे लांबलचक ड्रमवादन अल्बममध्ये छाटलेले आहे. ते कापायला नको होते, कारण त्या रात्रीचा जोर किती होता हे त्यावरूनच कळते. हे ध्वनिमुद्रण २०१० साली जुन्या अल्बमच्या पुनःप्रकाशनासोबत आणि २०१७ साली स्वतंत्रपणे निघाले. म्हणजे घटना १९७६ची आणि मिश्रण कित्येक दशकांनंतरचे. ‘एका रात्रीचे शुद्ध रूप’ शोधणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

अलकापुरी :

मी रविवारी नव्हतो, तरी एक नाव सुटू नये म्हणून लिहितो. ‘अ रिअ‍ॅलिटी टूर’ नोव्हेंबर २००३मध्ये डब्लिन येथे दोन रात्री मुद्रित झाला. बोवी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. तुम्ही सर्वजण सत्तरच्या दशकात अडकला आहात, आणि त्या दशकात तो प्रत्येक वर्षी आदल्या वर्षीच्या स्वतःला टाकून देत होता. डब्लिनमध्ये तो सर्वांना एकत्र बोलावतो. ‘लव्हिंग द एलियन’ हे ऐंशीच्या दशकातले, वाद्यांच्या भाराखाली दबलेले गाणे तो जेरी लेनर्डच्या एकट्या गिटारवर गातो, आणि ते मुळात किती चांगले होते हे वीस वर्षांनी कळते. ‘अंडर प्रेशर’ या बोवी आणि ‘क्वीन’ संचाच्या गाण्यात त्या संचाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या ओळी बेस वाजवता वाजवता गेल अ‍ॅन डॉर्सी गाते, त्या वेळी बोवी तिला जागा देऊन बाजूला होतो. पुढच्या जूनमध्ये जर्मनीत हृदयाच्या दुखण्यामुळे तो दौरा थांबला आणि त्यानंतर त्याने दौरा केलाच नाही. त्या दोन रात्री हे त्याला माहीत नव्हते. आपल्याला माहीत आहे, आणि त्यामुळे मला तो अल्बम एका बैठकीत संपवता येत नाही.

फत्तेगंज :

‘लव्हिंग द एलियन’विषयी पूर्ण सहमत आहे. तरी तेथे समोरच्या प्रत्येकाला प्रत्येक गाणे पाठ आहे आणि बोवीलाही ते ठाऊक आहे. ‘जीन जिनी’ न ऐकलेल्या लोकांसमोर ती गाणारा पंचविशीतला मुलगा मला अजूनही अधिक महत्त्वाचा वाटतो.

मांजलपूर यांना एक प्रश्न आहे. रेडिओचे मिश्रण बदलता येत नाही, हे तुम्ही माझ्या बाजूने मांडलेत. मग ज्याचे मिश्रण दशकांनंतर झाले आणि ज्यातले ड्रम्स कापले गेले त्याला पहिला क्रमांक का?

मांजलपूर :

कारण मी रोज मिश्रणच करतो. मिश्रण केल्याने रात्र खोटी ठरत नाही. ते वाईट केले तर ठरते. कापण्याविषयी तुमचे म्हणणे मान्य आहे.

दांडिया बाजार :

सर्वांनी इतके मनापासून लिहिले, याचा आनंद आहे. तीन शहरांच्या आक्षेपावर मी आठवडाभर विचार केला. दुसरी तबकडी आधी लावण्याची माझी सवय मी येथे अभिमानाने सांगितली होती, पण त्यानेही खरा क्रम साधत नव्हता. ‘वॉर्झावा’ तिसऱ्या बाजूच्या आरंभी आणि ‘हीरोज’ चौथ्या बाजूच्या आरंभी आहे. मध्ये चार रचना येतात आणि तबकडी उलटावी लागते. म्हणजे ज्या दरवाजे उघडण्याच्या क्षणाविषयी मी लिहिले तो मी इतकी वर्षे कल्पनेने जोडत होतो आणि २००५मध्ये प्रथम कानांनी ऐकला. फत्तेगंज यांना ‘स्टेज’मध्ये जोडकाम दिसते ते आहेच, आणि त्यात माझाही हात लागलेला आहे. तरीही ज्या क्रमाने त्या दौऱ्यातल्या श्रोत्यांनी ते ऐकले तो क्रम परत मिळवणे आणि सोयीसाठी नवा क्रम लावणे यांत मला फरक दिसतो, आणि माझे मत मी बदललेले नाही.

‘हीरोज’च्या तीन माईकांची माहिती मला असती तर मी तीच आधी मांडली असती. कारेलीबागच्या ताईंचे म्हणणे माझ्या मनात सर्वांत जास्त राहिले आहे. ‘स्टेज’वरचा गळा भरदार आहे असे मी नेहमी म्हणत आलो, तो भरदार कशातून होऊन आला याचा विचार मी केलेला नव्हता.

येत्या रविवारसाठी एक सूचना आहे. ‘फाइव्ह इयर्स’ हे गाणे सांता मोनिका, नॅसाऊ, ‘स्टेज’ आणि डब्लिन या चारही ध्वनिमुद्रणांत आहे. १९७२, १९७६, १९७८ आणि २००३ असे ते एकापाठोपाठ लावू. नॅसाऊत ते ‘लाइफ ऑन मार्स’ला जोडून येते, म्हणून तेथे थोडे आधीपासून लावावे लागेल. प्रत्येक वेळी आरंभीचे ते एकटे, संथ ड्रम्स नीट ऐकावेत; ड्रम वाजवणारा त्या चार-आठ ठोक्यांतच पुढचे पाच मिनिटांचे ओझे किती आहे ते सांगून टाकतो. ‘डेव्हिड लाइव्ह’मध्ये हे गाणे नाही, त्यामुळे ताईंनी त्यातले ‘चेंजेस’ निवडून ठेवावे. चारही ध्वनिमुद्रणांची पातळी मांजलपूर यांनी आधी येऊन सारखी करून द्यावी, कारण जे मोठ्याने वाजते तेच चांगले वाटते, हा अनुभव आपण मागे घेतला आहे.

काल रात्री मी एकट्यानेच दोन लावून पाहिली. सांता मोनिकातल्या शेवटी बोवी ओळी उधळून टाकतो. ‘स्टेज’वर तो त्याच ठिकाणी काहीतरी राखून गातो आहे, असे मला प्रथमच वाटले आणि ते मी येथे नोंदवतो. चौघांनी एकत्र ऐकल्यावर काय वाटते ते पाहू. सायंकाळी चार वाजता यावे. आरंभ मात्र ‘वॉर्झावा’ने करू द्यावा, एवढी माझी मागणी राहील.